नॉर्वेतलं ब्लॅक मेटल आणि त्यामागचा हिंसाचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजात असल्यापासून मी हे संगीत ऐकतो आहे. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात, लोकलच्या दारात, कुठेही विषय निघाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "चर्च जाळणारे ते हेच ना?" हो, त्यातले काहीजण तेच. पण त्यापुढे सांगायचं बरंच आहे, आणि प्रत्येक वेळी अर्धवट सांगून मला चुटपुट लागते. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

या गोष्टीत गुन्हा करणाऱ्यांची नावं जगभरच्या पोरांना तोंडपाठ आहेत. ज्यांचा जीव गेला, ज्यांची प्रार्थनेची जागा राख झाली, त्यांच्याबद्दल मला आजवर क्वचितच कुणी विचारलं आहे. उत्तरं लिहिताना मी ते सतत लक्षात ठेवलं आहे. जे बळी संगीतक्षेत्रातले नव्हते, त्यांची नावं मात्र मुद्दाम घेतलेली नाहीत.

ब्लॅक मेटल म्हणजे नेमकं काय? डेथ मेटल आणि हे एकच का?

एकच नव्हे. दोन्ही हेवी मेटलच्याच टोकाच्या शाखा आहेत. डेथ मेटलचा आवाज खर्जातला, गुरगुरणारा, अंगावर वजन टाकणारा. ब्लॅक मेटलचा आवाज चिरका, घसा ओरबाडून काढलेला. गिटारवर एकेक सूर प्रचंड वेगाने छेडत राहायचा, याला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात. त्याखाली ड्रमवर अखंड ब्लास्ट बीट, म्हणजे अतिवेगाने पडत राहणारे ठोके. ध्वनिमुद्रण मुद्दाम खरखरीत ठेवलेलं, जणू कुठल्यातरी तळघरातून ऐकू येतंय. चेहरा पांढरा रंगवून डोळ्यांभोवती काळं फासायचं, त्याला कॉर्प्स पेंट म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा नुसता गोंगाट वाटतो. दहा-पंधरा मिनिटं टिकून राहिलात तर त्या गोंगाटाच्या आत एक संथ, उदास चाल सापडते. मला तरी ती तशीच सापडली.

हे नाव आलं इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडच्या १९८२ च्या अल्बमवरून. स्वीडनचा बाथोरी, डेन्मार्कचा मर्सीफुल फेट आणि स्वित्झर्लंडचा हेलहॅमर हे त्याच पिढीतले. व्हेनमवाल्यांसाठी सैतान हे रंगमंचावरचं सोंग होतं. प्रयोग संपला की सोंग उतरवायचं. दहा वर्षांनी नॉर्वेतल्या पोरांनी ते सोंग खरं धरलं, आणि इथूनच सगळं बिघडत गेलं.

हे नॉर्वेतच का घडलं?

एका वाक्यात देता येईल असं कारण नाही, आणि जो देतो त्याच्यावर फार विश्वास ठेवू नये. परिस्थिती मात्र सांगता येते. १९९० च्या सुमारास नॉर्वेची लोकसंख्या जेमतेम ४२ लाख होती, म्हणजे तेव्हाच्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. देश श्रीमंत, शांत, सुरक्षित. लुथेरन चर्च हे राज्याचं अधिकृत चर्च होतं आणि राज्यघटनेतलं ते स्थान २०१२ मध्ये बदललं. रोजच्या जगण्यात धर्माचा जाच फारसा नव्हता, पण सगळ्या व्यवस्थेचं प्रतीक म्हणून समोर चर्चच होतं.

दुसरं म्हणजे, हे वर्तुळ फार छोटं होतं. आपल्याकडे एखाद्या तालमीत जसे सगळे एकमेकांना ओळखतात, तसं. ऑस्लो आणि बर्गन या दोन शहरांतली आणि आसपासच्या गावांतली काही डझन पोरं. डेथ मेटल लोकप्रिय होऊ लागलं होतं, त्या बँडमधली मुलं साध्या टी-शर्टमध्ये, ट्रॅकसूटमध्ये वाजवायची. या मंडळींना ते पचेना. मग 'खरा कोण' याची चढाओढ सुरू झाली. ती एकदा सुरू झाली की थांबायची जागा राहत नाही. आज तू भाषण ठोकलंस, उद्या मी काहीतरी करून दाखवतो, परवा तिसरा त्याहून मोठं करणार.

वयं पाहा. पुढे ज्यांची नावं येतील त्यांतला ड्रमर बोर्ड आइथुन, त्याने खून केला तेव्हा तो १८ वर्षांचा होता. बुर्झुम या बँडच्या वार्ग विकेर्नेसने दुसरा खून केला तेव्हा तो २०. त्यात मेलेला मेहेम या बँडचा गिटारवादक ओयस्टाइन ओर्शेत २५. मी हे कुणाला माफ करण्यासाठी सांगत नाही. अठराव्या वर्षी आपण काय करतोय हे माणसाला पुरतं कळतं. पण 'अंधाराचे उपासक' म्हणून या लोकांचे जे पुतळे उभे केले जातात, त्यांच्या जागी एकमेकांवर छाप पाडायला धडपडणारी पोरं दिसायला हवीत.

'डेड' कोण होता? त्या फोटोची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. पेर इंग्वे ओलीन हा स्वीडिश गायक, 'डेड' या नावाने १९८८ मध्ये मेहेम या बँडमध्ये आला. मेहेम म्हणजे ओर्शेतने, म्हणजे 'युरॉनिमस'ने, मित्रांबरोबर १९८४ मध्ये सुरू केलेला बँड. रंगमंचावर ओलीन मृत्यूचं सोंग आणायचा, आणि प्रयोगाआधी कपडे मातीत पुरून ठेवायचा म्हणजे त्यांना कुजका वास लागेल. लोक याला कला म्हणायचे. त्याच्या आसपासच्यांनी पुढे जे सांगितलं त्यातून दिसतो तो एकाकी, दीर्घकाळ नैराश्यात असलेला तरुण. ८ एप्रिल १९९१ रोजी, २२ व्या वर्षी, ऑस्लोजवळच्या क्रोकस्टाड इथल्या बँडच्या भाड्याच्या घरात त्याने आत्महत्या केली.

युरॉनिमस घरी आला आणि पोलिसांना बोलावण्याआधी त्याने कॅमेरा आणून फोटो काढले. बँडचा बास वाजवणारा योर्न स्टुबेरुड हे कळल्यावर संतापून बँड सोडून गेला. या सगळ्या कहाणीत वेळेवर 'नाही' म्हणणारी जी थोडी माणसं भेटतात त्यांतला तो एक, आणि त्याचं नाव मला आवर्जून घ्यावंसं वाटतं. १९९५ मध्ये त्यातला एक फोटो एका बेकायदा निघालेल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर आला. पुढे तो टी-शर्टवरही छापला गेला.

कॉलेजात एका मित्राने तो मला 'भारी गोष्ट' म्हणून दाखवला होता, आणि मीही ती भारीच मानली होती. तो एका आजारी मुलाचा मृतदेह आहे हे माझ्या डोक्यात शिरायला बरीच वर्षं गेली. याची मला आजही लाज वाटते. कुणी तो फोटो पाठवला तर पुढे पाठवू नका, एवढीच विनंती.

'हेल्वेते' काय होतं? आणि ते 'इनर सर्कल'?

हेल्वेते म्हणजे नॉर्वेजियन भाषेत नरक. युरॉनिमसने १९९१ मध्ये ऑस्लोच्या श्वेगार्ड्स गाटे या रस्त्यावर उघडलेलं हे रेकॉर्डचं दुकान. धंदा बेताचाच चालायचा, पण तळघरात पोरं जमायची, राहायची, गप्पा ठोकायची. युरॉनिमस त्यांच्यापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठा, स्वतःची डेथलाइक सायलेन्स ही रेकॉर्ड कंपनी चालवणारा. त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. तो उघडपणे वाईटपणाचं गुणगान करायचा, हुकूमशहांचं कौतुक करायचा. जवळच्या अनेकांनी नंतर सांगितलं की त्यातलं बरंचसं बोलणं प्रतिमेसाठी होतं. असेलही. पण समोर बसलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना ते प्रतिमेसाठी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

'इनर सर्कल' नावाची शपथ-बिपथ घेतलेली गुप्त संघटना नव्हती. दुकानात उठबस असणाऱ्यांना दिलेलं ते एक दणदणीत नाव होतं, आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून मोठं केलं.

किती चर्च जाळली गेली? कुणी जाळली?

१९९२ ते १९९६ या काळात नॉर्वेत चर्चवरचे पन्नासच्या आसपास हल्ले मोजले जातात. सगळेच बँडवाल्यांनी केले नाहीत. नंतरचे बरेचसे अनुकरणातून झाले. पण सुरुवात याच वर्तुळातून झाली हे न्यायालयात सिद्ध झालेलं आहे.

सगळ्यांत गाजलेली आग ६ जून १९९२ ची, बर्गनजवळच्या फांतोफ्त इथली. ते नुसतं चर्च नव्हतं, ते स्टाव्ह चर्च होतं. अख्खी इमारत लाकडाची: उभे खांब, त्यावर एकावर एक चढत जाणारी उतरती छपरं, आणि छपरांच्या टोकांना कोरलेली ड्रॅगनची मुंडकी. मध्ययुगात नॉर्वेत अशी हजाराच्या वर चर्च होती. आज २८ उरली आहेत. फांतोफ्तचं चर्च मुळात ११५० च्या सुमाराला सोन्य प्रांतातल्या फोर्टुन गावी बांधलेलं. एकोणिसाव्या शतकात ते पाडायला निघाले होते. तेव्हा एका बर्गनकराने ते विकत घेतलं, आणि १८८३ मध्ये एकेक भाग सुटा करून फांतोफ्तला पुन्हा उभारलं. शतकानुशतकं वाळलेलं पाइनचं लाकूड, त्यावर डांबराचे थरावर थर. त्याला पेटायला किती वेळ लागणार? सकाळी तिथे कोळसा उरला होता.

त्यानंतर ऑगस्ट १९९२ मध्ये ऑस्लोचं होल्मेनकोलेन चॅपल, सप्टेंबरात विंदाफ्योर्दमधलं शोल्ड चर्च, आणि ऐन नाताळच्या आदल्या दिवशी बर्गनमधलं ओसाने चर्च. या तीन आगींसाठी आणि आणखी एका चर्चला आग लावण्याच्या प्रयत्नासाठी विकेर्नेस दोषी ठरला. फांतोफ्तच्या आरोपात ज्यूरीने त्याला दोषी मानलं नाही. आणि तरीही, त्याच्या बुर्झुम या एकट्याच्या बँडची १९९३ मध्ये 'आस्के', म्हणजे राख, नावाची रेकॉर्ड निघाली तेव्हा मुखपृष्ठावर जळून गेलेल्या फांतोफ्तचाच फोटो होता. पहिल्या प्रतींबरोबर एक लायटर भेट दिला होता. ती रेकॉर्ड काढणारी कंपनी युरॉनिमसची. दुसऱ्याच्या राखेवर धंदा कसा करतात, ते याहून स्पष्ट मी कुठे पाहिलेलं नाही.

त्या चर्चमध्ये लग्न झालेली, पोरांचे बाप्तिस्मे झालेली, आईबापांना शेवटचा निरोप दिलेली माणसं होती. आपल्या गावच्या ग्रामदैवताचं देऊळ एका रात्रीत राख झालेलं डोळ्यांपुढे आणा. तुम्ही देव मानता की नाही हा प्रश्न त्या वेळी मनात येणारसुद्धा नाही.

"ख्रिस्ती धर्माने वायकिंगांची संस्कृती संपवली, त्याचा हा सूड होता" असं वाचलं. त्यात तथ्य आहे का?

हे स्पष्टीकरण प्रामुख्याने विकेर्नेसचं, आणि ते जोरात आलं नंतर. त्या दिवसांत ही मंडळी स्वतःला सैतानाचे उपासक म्हणवत होती. ओडिन आणि थॉर, म्हणजे वायकिंगांचे जुने देव, मागाहून आले.

नॉर्वेचं ख्रिस्तीकरण अकराव्या शतकात झालं आणि त्यात तलवारही चालली, हे खरं. पण जे जाळलं ते काय होतं ते बघा. स्टाव्ह चर्चवरची ड्रॅगनची मुंडकी, दारावरची एकमेकांत गुंतलेली प्राण्यांची कोरीव नक्षी, लाकूड जोडण्याची ती विद्या, हे सगळं वायकिंग काळातल्या कारागिरांकडूनच चालत आलेलं. जुन्या नॉर्स हस्तकलेची जी थोडी उभी साक्ष शिल्लक होती, तीच सूड म्हणून पेटवली. ज्याला खरोखर आपल्या पूर्वजांचं प्रेम असतं, त्याचा हात तिथे काडी ओढायला धजला नसता.

लिलेहामरला काय झालं?

याबद्दल सगळ्यांत कमी विचारलं जातं, म्हणून मी थोडं थांबून लिहितो.

२१ ऑगस्ट १९९२ च्या रात्री, दोन वर्षांनी जिथे हिवाळी ऑलिंपिक भरणार होतं त्या लिलेहामर शहरात, एम्परर या बँडचा ड्रमर बोर्ड आइथुन एका समलिंगी माणसाबरोबर बाहेरच्या झाडीत चालत गेला आणि चाकूने वार करून त्याने त्याचा खून केला. त्या माणसाचा या संगीताशी, या वर्तुळाशी काडीचा संबंध नव्हता. त्याने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

आइथुन ऑस्लोला परतला. काही दिवसांतच तो, युरॉनिमस आणि विकेर्नेस होल्मेनकोलेन चॅपल जाळायला गेले. खुनाची गोष्ट वर्तुळात पसरली होती. एक वर्ष उलटलं. अनेकांना माहीत होतं, आणि पोलिसांत जाऊन कुणीही तोंड उघडलं नाही. मला आइथुनच्या कृत्याइतकीच या गप्प बसण्याची भीती वाटते. चाकू एकाच्या हातात होता. ते वर्ष सगळ्यांनी मिळून झाकलं. कुणाच्या तरी घरी एक आई, एक भाऊ, एखादा जोडीदार वर्षभर 'कुणी मारलं' हे न कळता जगत असणार, आणि उत्तर ऑस्लोतल्या एका तळघरात गप्पांमध्ये फिरत होतं.

१९९३ च्या ऑगस्टमध्ये युरॉनिमसच्या खुनाचा तपास सुरू झाला तेव्हा कुठे हे बाहेर आलं. आइथुनला १४ वर्षांची शिक्षा झाली. २००३ मध्ये तो सुटला आणि पुन्हा वाजवू लागला. जाता जाता: नॉर्वेने समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीचा कायदा लागू केला तोही १९९३ च्या ऑगस्टमध्येच. देश एका दिशेने चालला होता, आणि स्वतःला बंडखोर म्हणवणारी ही पोरं जगातला सगळ्यांत जुना द्वेष कवटाळून बसली होती.

वर्तमानपत्रांनी यात काय केलं?

२० जानेवारी १९९३ रोजी बर्गेन्स तिदेंदे या बर्गनच्या दैनिकात एक मुलाखत छापून आली. मुलाखत देणाऱ्याचं नाव नव्हतं, पण चर्च आम्ही पेटवली असं तो सांगत होता, आणि लिलेहामरच्या खुनाचा विषयही त्यात होता. तो विकेर्नेस होता हे शोधायला पोलिसांना वेळ लागला नाही. त्याला अटक झाली, आणि मार्चमध्ये पुराव्याअभावी तो सुटला. या गदारोळात हेल्वेते बंद पडलं. त्याच मार्च महिन्यात ब्रिटनच्या केरँग मासिकाने हा विषय मुखपृष्ठावर घेतला, आणि ऑस्लो-बर्गनमधली ही मूठभर मुलं एका आठवड्यात जगभर पोचली. पत्रकारांनी गुन्हा उघड केला हे त्यांचं काम. पण अंधारात चाकू हातात घेतलेले झोकदार फोटो छापून त्यांनी पुढच्या पिढीसाठी भिंतीवर लावायची पोस्टरंही पुरवली.

युरॉनिमसचा खून का झाला?

कारणांबद्दल मारणारा एक सांगतो आणि बाकीचे दुसरं. घटना एवढी: १० ऑगस्ट १९९३ च्या पहाटे विकेर्नेस आणि थॉर्न्स या बँडचा स्नोरे रूक बर्गनहून गाडीने ऑस्लोला, तोयेनगाता रस्त्यावरच्या युरॉनिमसच्या घरी आले. विकेर्नेस वर गेला. भांडण झालं, आणि युरॉनिमसचा मृतदेह जिन्यात सापडला. अंगावर चाकूचे २३ वार, त्यातले १६ पाठीवर.

विकेर्नेसचं म्हणणं, युरॉनिमसच मला मारणार होता, मी स्वतःचा बचाव केला. न्यायालयाने ते मानलं नाही. रेकॉर्ड कंपनीच्या पैशांचे आणि कराराचे वाद होते. वर्तुळात पहिला कोण, ही चुरसही होती. माझं मत विचाराल तर 'खरा कोण' ही चढाओढ शेवटाला गेली तेव्हा तिचा मुक्काम त्या जिन्यात होता. वाईटपणाचं तत्त्वज्ञान सांगणाऱ्यालाच त्याच्या शिष्याने मारलं, असं नाट्य लोकांना यात दिसतं. मला दिसतात ते त्याचे आईवडील.

मेहेमचा 'दे मिस्टेरीस दोम सॅथानास' हा अल्बम तेव्हा बर्गनच्या ग्रीगहालेन सभागृहात मुद्रित होऊन तयार होता. त्यात गिटार युरॉनिमसची आणि बास विकेर्नेसची. मुलाच्या मारेकऱ्याचं वादन काढून टाका, अशी विनंती आईवडिलांनी केली होती. ते काढलं गेलं नाही. मे १९९४ मध्ये अल्बम निघाला. मारलेला आणि मारणारा एकाच गाण्यात, एकाच तालात वाजवताना ऐकू येतात. मी तो अल्बम शंभरेक वेळा ऐकला असेल. ती विनंती कळल्यानंतर पहिल्यासारखा कधीच ऐकू शकलो नाही.

शिक्षा काय झाल्या? खून करून माणूस २००९ मध्ये बाहेर कसा?

मे १९९४ मध्ये विकेर्नेसला खून, आगी आणि चोरलेल्या स्फोटकांच्या साठ्यासाठी २१ वर्षांची शिक्षा झाली. नॉर्वेत तेव्हा ती कमाल शिक्षा होती. त्याच्या घरी सुमारे १५० किलो स्फोटकं सापडली होती. निकाल ऐकताना तो हसला, आणि त्या हसण्याचा फोटो आजही फिरतो. रूकला साथ दिल्याबद्दल ८ वर्षं. एम्पररचा गिटारवादक सामोथ याला शोल्ड चर्चच्या आगीसाठी १६ महिने.

विकेर्नेस २००३ मध्ये रजेवर असताना पळाला आणि लगेच पकडला गेला. २००९ मध्ये पॅरोलवर सुटला आणि फ्रान्सला गेला. २०१४ मध्ये तिथल्या न्यायालयाने ज्यू आणि मुस्लिमांविरुद्ध द्वेष पसरवल्याबद्दल त्याला सहा महिन्यांची निलंबित शिक्षा आणि ८,००० युरोंचा दंड ठोठावला. 'तो आता बदलला असेल ना' असं विचारणाऱ्यांसाठी हे पुरेसं आहे.

म्हणजे हे संगीत नाझी विचारांचं आहे का?

संगीत नाही, पण त्यातला एक कोपरा आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. जर्मनीतल्या झोंडर्सहाउझेन गावात अब्सुर्ड या बँडमधल्या मुलांनी १९९३ मध्ये ओळखीच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाचा खून केला, आणि पुढे हा बँड उघड नाझी झाला. नॉर्वेच्या डार्कथ्रोनने १९९४ च्या अल्बमवर 'नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल' असे शब्द छापले होते. नंतर त्यांनी ते मागे घेतले, आणि आपण त्या विचारांचे नाही हे वारंवार सांगितलं. मला ते पटतं, पण ते छापलं गेलं होतं हेही विसरता येत नाही.

उलट बाजूही आहे. लिव्हरपूलचा डॉन रेड हा बँड ब्लॅक मेटलच वाजवत उघडपणे फॅसिझमविरोधी भूमिका घ्यायचा. गोर्गोरोथचा गायक गॉल, ज्याच्या नावावर मारहाणीच्या शिक्षा होत्या आणि ज्याला लोक या जगातला सगळ्यांत भयंकर माणूस म्हणायचे, त्याने २००८ मध्ये आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. लिलेहामरच्या त्या रात्रीनंतर सोळा वर्षांनी. ती बातमी वाचली तेव्हा मला आधी आठवला तो लिलेहामरचा माणूस.

नॉर्वेबाहेरही असं घडलं का?

घडलं. स्वीडनमध्ये डिसेक्शन बँडचा यॉन नॉटव्हेइट १९९७ च्या एका खुनात दोषी ठरला. गोथेनबर्गमध्ये मारला गेलेला तो माणूस अल्जीरियन वंशाचा आणि समलिंगी होता. पुन्हा तेच.

आणि २०१९ चं लुइझियाना. मार्चच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, दहा दिवसांत, अमेरिकेतल्या सेंट लँड्री भागात कृष्णवर्णीयांची तीन जुनी बाप्टिस्ट चर्च जळाली. आग लावणारा २१ वर्षांचा तरुण. ब्लॅक मेटल वादक म्हणून आपलं नाव व्हावं म्हणून हे केलं, असं त्याने कबूल केलं. त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. ज्या समाजाची चर्च पिढ्यान्‌पिढ्या वंशद्वेषातून जाळली गेली, त्यांच्या दारात जाऊन याने नॉर्वेची नक्कल केली. जेव्हा कुणी मला म्हणतं की जुन्या गोष्टी आहेत, आता त्यात फक्त रोमांच उरलाय, तेव्हा मी लुइझियानाचं नाव घेतो.

सगळेच बँड यात होते का?

नाही. बहुसंख्य वाजवणारे फक्त वाजवत होते. डार्कथ्रोनचा फेनरिझ टपाल खात्यात नोकरी करायचा. पुढे तो कोल्बोत्न भागात स्थानिक परिषदेचा राखीव सदस्य म्हणून निवडून आला, तेही मांजर हातात घेऊन 'मला मत देऊ नका' असं पोस्टर काढून.

आज नॉर्वे या सगळ्याकडे कसं बघतं?

विचित्र वाटेल, पण अभिमानानेही. ऑस्लोत २००१ पासून ईस्टरच्या सुमारास इन्फर्नो हा महोत्सव भरतो आणि जगभरातून लोक येतात. २०११ मध्ये डिम्मू बोर्गिर हा बँड नॉर्वेच्या रेडिओ ऑर्केस्ट्राबरोबर वाजला. हेल्वेतेच्या जागी पुढे पुन्हा रेकॉर्डचं दुकान आलं, आणि पर्यटक तळघरातल्या काळ्या भिंतीपुढे उभं राहून फोटो काढू लागले. संगीताचा मान मला मान्य आहे. त्या भिंतीपुढचं हसू मला जमणार नाही.

आपल्याकडे ब्लॅक मेटल आहे का?

आहे, आणि त्याचा रस्ता निराळा आहे. मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन २००० पासून ब्लॅक आणि डेथ मेटलची सांगड घालतोय. २०१० मध्ये ते ऑस्लोच्या इन्फर्नोमध्ये वाजवून आले. २०१७ चा त्यांचा अल्बम 'दशावतार' विष्णूच्या दहा अवतारांवर आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. याच वाजवण्याच्या पद्धतीने तिकडे कुणी राख विकली, आणि इकडे कुणी मत्स्यापासून कल्कीपर्यंतची गोष्ट सांगितली. गिटार तीच, वेग तोच. पेटवायचं की घडवायचं हे वाजवणाऱ्याने ठरवलं.

माझा मुलगा किंवा मुलगी हे ऐकते. काळजी करू का?

ऐकण्याची नको. माझ्या ओळखीचे मेटल ऐकणारे बँकेत आहेत, शाळेत शिकवतात, शेती करतात. काळ्या टी-शर्टवरून भांडण काढू नका, त्याने दार बंद होतं. शेजारी बसून दोन गाणी ऐका, कठीण गेली तरी ऐका, आणि विचारा: यात तुला काय आवडतं?

लक्ष द्यायचं ते वेगळ्या गोष्टींकडे. पोरगं एकटं पडत चाललंय का, झोप-जेवण सुटलंय का, मरणाबद्दल बोलतंय का. ओलीनच्या बाबतीत अशा सगळ्या खुणांना आजूबाजूचे 'स्टाइल' म्हणत राहिले. तसं काही जाणवलं तर थेट बोला, डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. आणि मूल विकेर्नेसचे व्हिडिओ बघून कुठल्या तरी जातीधर्माच्या लोकांबद्दल तिरस्काराने बोलू लागलं असेल, तर ते संगीताचं वेड म्हणून सोडून देऊ नका.

मग हे संगीत ऐकावं की नाही? तुम्ही काय करता?

मी ऐकतो. विकेर्नेसला माझ्या खिशातून पैसे जाणार नाहीत असं मी ठरवलं आहे, आणि बुर्झुम ऐकायचं सोडलं आहे. त्यातली काही गाणी सुंदर होती, म्हणून सोडताना जड गेलं. मेहेम अजून ऐकतो. हे विसंगत आहे असं एका मैत्रिणीने सुनावलं, आणि ती बरोबर आहे. तुमची रेघ तुम्ही आखा. ती आखताना लिलेहामरचा तो माणूस आणि जिन्यातल्या मुलाचे आईवडील समोर असू द्या, एवढंच मागणं आहे.

फांतोफ्तला आज काय आहे?

चर्च आहे. जुन्या पद्धतीने पाइनचं लाकूड निवडून, सांधे हाताने बसवून कारागिरांनी ते पुन्हा उभं केलं. १९९७ मध्ये काम पूर्ण झालं. छपराच्या टोकांना ड्रॅगनची नवी मुंडकी बसवली आहेत, आणि भोवती आता कुंपण आहे.